‘लाइन गेली’ हे मराठी वाक्य आहे



शब्दार्थविचाराच्या घटकात अनेकार्थता, अर्थविस्तार, अर्थसंकोच, उसने शब्द या संज्ञांचा आपण परिचय करून घेतला. त्यांच्यासाठी दिली जाणारी उदाहरणे बहुधा ठरलेली असतात. ‘तेल’ म्हणजे मुळात तिळाचे, ‘मृग’ म्हणजे मुळात कोणताही पशू. उदाहरणे उत्तम आहेत. पण ती फार पूर्वी घडून गेलेली आहेत, आणि त्यांचा पुरावा ग्रंथांत शोधावा लागतो. जो बदल आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच तोंडी घडत आहे, त्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. म्हणून या पूरक लेखासाठी मी एक जिवंत शब्द निवडला आहे. तो इंग्रजीतून आला, उच्चारायला क्षणही लागत नाही, आणि घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी तो दिवसातून कितीदा कानावर पडतो याची गणती नाही. तो शब्द ‘लाइन’.

या निवडीला एक निमित्त घडले. आपल्यासारख्याच एका प्रौढ विद्यार्थ्याने ‘माझे गाव’ या निबंधात, ‘लाइन रात्रीची असल्यामुळे आमच्याकडे माणसे रात्री ओलिताला जातात’ असे वाक्य लिहिले होते. तपासनिसाने ‘लाइन’भोवती लाल वर्तुळ काढून ‘मराठी शब्द वापरावा’ असा शेरा दिला होता. तो विद्यार्थी दिवसभर शेतीचे काम करून रात्री अभ्यास करणारा. शेरा वाचून त्याने मला विचारले, “सर, आमची मराठी अशुद्धच असते काय जी?” हा प्रश्न गुणांचा नाही. वयाच्या चाळिशीत पुन्हा वही उघडणाऱ्या माणसाला आपल्या तोंडच्या भाषेविषयी काय वाटावे, याचा तो प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर भाषाशास्त्राने द्यायला हवे. माझे उत्तर असे की त्या वाक्यात मराठी शब्दच वापरलेला होता. उसन्या शब्दाचा निवाडा करताना तो सरसकट स्वीकारावा की नाकारावा, हा प्रश्नच चुकीचा आहे. निवाडा त्याच्या एकेका अर्थाचा करावा लागतो. तो कसा, हे पुढे मांडतो.

आरंभी आखूड शब्दांविषयी थोडेसे. ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा त्यातील सर्वांत लांब नोंद एखाद्या अवघड शास्त्रीय संज्ञेची नव्हती. ती ‘सेट’ या साध्या शब्दाची होती. जो शब्द सतत वापरात असतो तो बहुधा आखूड असतो, आणि त्यालाच अधिक अर्थ चिकटतात, असे अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिफ याने दाखवले. हे काही इंग्रजीचेच वैशिष्ट्य नाही. मराठीतील ‘लागणे’ हे क्रियापद घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वाटेत गाव लागते, विहिरीला पाणी लागते, लेकराला मायेचा लळा लागतो. परभाषकाला हे शिकवताना शिक्षकाची जी त्रेधा उडते, ती पाहण्यासारखी असते. आपल्याला मात्र कधी अडचण येत नाही, कारण शब्दाचा अर्थ आपण शब्दाकडून मागत नाही. त्याच्या सोबत्यांकडून घेतो. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ फर्थ याने शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटवावी असे सांगितले ते याच अर्थाने.

आता ‘लाइन’ची संगत पाहू. घाटंजीच्या बाजारात एक दिवस कान उघडे ठेवून फिरलात तर इतके सहज सापडेल: रेशनच्या दुकानापुढे लाइन लागते. कापड लाइनीत एखादे जुने दुकान असते. पोरगा ‘मेडिकल लाइन’ला जातो, म्हणजे त्या व्यवसायाकडे वळतो. कोणाचे लेकरू भरकटले होते ते आता ‘लाइनीवर आले’ असे समाधानाने सांगितले जाते. येथे रुळावर चालणाऱ्या गाडीची आठवण आहे. पोलिसांच्या वसाहतीला पोलीस लाइन म्हणतात; नागपूरच्या सिव्हिल लाइन्सचे नावही त्याच घराण्यातले, कारण छावणीतल्या रांगेने मांडलेल्या तंबूंना आणि बराकींना इंग्रजीत ‘लाइन्स’ म्हणत. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेसाठी ज्यांची जमीन संपादित झाली ते ‘वावर लाइनीत गेलं’ म्हणतात, आणि या तीन शब्दांत एका कुटुंबाचा इतिहास असतो. तरुण मुले एकमेकांना ‘लाइन मारण्या’वरून चिडवतात, हा प्रयोग निबंधात शोभत नाही, पण कोशकाराला तो वगळता येत नाही. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ पासून सुरू झाली, तेव्हाच्या हंगामात खरेदी केंद्राबाहेर बंड्यांच्या लाइनी लागत, आणि आपला नंबर येईपर्यंत शेतकरी बंडीखालीच झोपत. आणि या सर्वांवर वरचढ असलेला प्रयोग म्हणजे लाइन गेली, लाइन आली.

हे अर्थ एकाच शब्दाचे आहेत की एकसारखे ऐकू येणाऱ्या वेगवेगळ्या शब्दांचे? अनेकार्थता आणि समध्वनिता यांतील भेद आपण अभ्यासला आहे. ‘परीक्षा पास झाला’ आणि ‘आसपास’ यांतील दोन ‘पास’ भिन्न कुळांतले. त्यांचा संबंध फक्त कानापुरता. दवाखान्यातल्या ‘सलाइन’मध्येही लाइन ऐकू येते, पण ते मिठाच्या कुळातले, नळी सरळ लोंबते म्हणून त्याचा लाइनशी संबंध जोडू नये. ‘लाइन’चे वरचे सर्व अर्थ मात्र एका मुळापाशी जाऊन मिळतात, आणि ते मूळ विदर्भाच्या शेतकऱ्याला अनोळखी नाही.

लॅटिन भाषेत ‘लिनुम’ म्हणजे जवस. ज्याला इतरत्र अळशी म्हणतात आणि ज्याची चटणी आपल्याकडे भाकरीबरोबर खातात, तेच हे पीक. आपण ते तेलासाठी घेतो. युरोपात त्याची उंच वाढणारी जात धाग्यासाठी लावत. त्या धाग्याचे कापड ते लिनन, आणि त्या धाग्याची दोरी ती ‘लिनेआ’. दोरी ताणली की सरळ रेघ मिळते. म्हणून दोरीचे नाव रेघेला मिळाले, रेघेवरून ते ओळीला, ओळीवरून रांगेला, रांगेवरून मार्गाला, आणि मार्गावरून धंद्याला. शिंपी अस्तराला ‘लायनिंग’ म्हणतो तेही याच जवसाचे देणे, कारण जाड कपड्याला आतून लिननचा थर लावत. एका रब्बी पिकापासून निघालेला हा शब्द इतका फिरला, आणि पुन्हा जवस पिकवणाऱ्या मुलखात येऊन स्थिरावला.

येथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. गवंडी भिंत सरळ उचलण्यासाठी दोरी बांधतो, तिला ‘लाइनदोरी’ म्हणतात. लाइन म्हणजे मुळात दोरीच. म्हणजे गवंडी नकळत ‘दोरीदोरी’ म्हणत असतो. पोर्तुगीज ‘पाव’ म्हणजे भाकरी-रोटी, तरी आपण पावरोटी म्हणतो, तसाच हा प्रकार. पनवेलला ‘लाइन आळी’ नावाचा भाग आहे. आळी हा शब्द संस्कृत ‘आलि’पासून, अर्थ ओळ, म्हणजे तेथेही ओळीची ओळ झाली. ‘दिवाळी’तही हीच ओळ दडलेली आहे, दीपांची आवली. अशा जोडशब्दांतून एक गोष्ट सिद्ध होते: बोलणाऱ्याला मूळ अर्थाचा पत्ता नाही, आणि त्याचे काही अडतही नाही. शब्दाचा जन्मदाखला कोशकाराच्या कामाचा असतो. व्यवहारात त्याचे आजचे काम पाहिले जाते.

तर हा शब्द मराठीत किती मुरला आहे? हे भावनेने ठरवण्याचे कारण नाही. व्याकरण त्याची स्वच्छ साक्ष देते. इंग्रजीत ‘लाइन’ला लिंग नाही. मराठीत आल्याबरोबर तिला स्त्रीलिंग मिळाले, आणि ते कोणी सभा भरवून दिले नाही. ओळ, रांग, रेघ, रेषा, वाट, तार, वीज या तिच्या अर्थाच्या शेजारणी सगळ्या स्त्रीलिंगी; नवी सून ज्या घरात आली त्या घराची रीत तिने उचलली. तिचे अनेकवचन ‘लाइनी’ किंवा ‘लायनी’, जसे भिंत–भिंती. तिचे सामान्यरूप होते आणि त्याला प्रत्यय लागतात: लाइनीत, लाइनीवर, लाइनीचा. भिंतीत, भिंतीवर, भिंतीचा असेच की नाही?

आता एक निरीक्षण नीट लक्षात घ्या. शहरातला सुशिक्षित माणूस ‘मी लाइनमध्ये उभा आहे’ असे म्हणतो. त्याने शब्दाला हात लावलेला नाही; सामान्यरूप न करता नुसते शब्दयोगी अव्यय जोडले आहे, जणू काच लावून ठेवलेली परकी वस्तू. घाटंजीच्या बाजारातील निरक्षर बाई म्हणते, “मी तं कव्हाची लाइनीत उभी हाव.” तिने शब्दाचे सामान्यरूप केले, त्याला मराठी विभक्तीत बसवले. या दोघांत मराठीचे व्याकरण कोणी अधिक पाळले? आपण ज्या भाषेला अडाणी समजतो ती उसन्या शब्दाला आपलेसे करते, आणि ज्या भाषेला प्रमाण समजतो ती अनेकदा त्याला परका ठेवते. शुद्धतेविषयी शेरे लिहिणाऱ्यांनी या उलट्या न्यायाचा कधीतरी विचार करावा.

आता मुख्य प्रयोगाकडे, म्हणजे ‘लाइन गेली’कडे येऊ. पुण्या-मुंबईकडे ‘लाइट गेली’ किंवा ‘लाइट गेले’ म्हणतात. विदर्भात ‘लाइन गेली’. दोन्हीकडे शब्द इंग्रजी, पण वीज बंद पडल्यावर इंग्रज यांपैकी काहीही म्हणत नाही. ही रचना आपली आहे. तिची उकल करण्यासाठी पाश्चात्त्य संज्ञा लागत नाहीत. साहित्यशास्त्राच्या घटकात शिकलेली लक्षणा पुरेशी आहे. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ या परंपरागत उदाहरणात प्रवाहावर वस्ती असणे शक्य नाही, म्हणून मुख्यार्थाला बाध येतो आणि ‘तीर’ हा संबंधित अर्थ घ्यावा लागतो. ‘लाइन गेली’ म्हणताना तारा खांबांवर जागच्या जागी लोंबत असतात. जात काहीच नाही. गेलेला असतो तो तारांतून वाहणारा प्रवाह. वाहकाचे नाव वाहिल्या जाणाऱ्या वस्तूला मिळाले. हीच लक्षणा मराठीने आधीही केली होती. ‘तार आली’ म्हटले की घरातल्या बायांच्या काळजात धस्स होई. दारात शिपाई कागद घेऊन येई, धातूचा तुकडा घेऊन नव्हे. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली आणि तो प्रयोग आठवणीत गेला. तार गेली आणि लाइन राहिली, दोघींची घडण मात्र एक. ती इतकी रूढ झाली आहे की खरोखरच तारांची चोरी होते तेव्हा कोणी ‘लाइन गेली’ म्हणत नाही. ‘तारा चोरीला गेल्या’ असे स्वतंत्रपणे सांगावे लागते. लक्ष्यार्थाने मुख्यार्थाची जागा घेतली की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

“पण ‘वीज गेली’ म्हणायला काय हरकत आहे?” असे तुम्हांला विचारले जाईल. हरकत काहीच नाही. पण गावाकडे कान द्या. मृगाच्या पावसात वावरात काम करणाऱ्या माणसावर जी पडते ती वीज, वऱ्हाडीत ‘ईज’. दरवर्षी तिने माणसे आणि बैल दगावतात. ती आभाळातली, आणि खांबावरून येते ती लाइन. धक्का बसला तर ‘करंट लागला’. घरातला दिवा तो ‘लाइट’. चार वस्तू, चार शब्द. त्यांतले तीन उसने, पण त्यांच्यातली कामाची वाटणी मराठीने स्वतः केलेली आहे. सोस्यूरने शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते असे मांडले, ते या चौकटीत स्पष्ट दिसते. ‘लाइन’ने ‘वीज’ला हुसकावले नाही. उलट विजेला तिच्या जुन्या, भीतिदायक अर्थासह आभाळात राहू दिले.

त्या विद्यार्थ्याच्या वाक्यात तर याहून अधिक काही आहे. ‘लाइन रात्रीची असल्यामुळे’ या ठिकाणी ‘वीज रात्रीची असल्यामुळे’ लिहून पाहा, वाक्य लंगडते. कृषिपंपांना वीज वेळापत्रकाने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीने. ‘आपली लाइन कवा हाय?’ या प्रश्नात पुरवठा, त्याची वेळ आणि ती वेळ ठरवणारा दूरचा कोणीतरी, हे तिन्ही एका शब्दात येतात. ‘लाइन रात्रीची’ म्हटले की साप, रानडुक्कर, थंडी, विहिरीचा काठ आणि हातातली बॅटरी हे सारे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. ‘विद्युत्पुरवठ्याच्या चक्राकार वेळापत्रकातील रात्रीची पाळी’ असे शासकीय मराठीत लिहिता येईल. रात्री बाराला अंथरुणातून उठून पंपाकडे निघालेला माणूस ते म्हणणार नाही. लाल वर्तुळ काढणाऱ्याने पर्यायी शब्द सुचवला नव्हता याचे मला नवल वाटत नाही, तो नाहीच.

भाषाशुद्धीच्या परंपरेचा मी अनादर करीत नाही. शिवकाळात सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’पासून ती चालत आली आहे. सावरकरांच्या चळवळीने ‘महापौर’, ‘दिनांक’ असे शब्द रुळवले, आणि आज ते आपण सहज वापरतो. माधव जूलियन यांनी आरंभी फारसी शब्दांचा मनमुराद वापर केला आणि पुढे १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिला. त्या शीर्षकातला ‘विवेक’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. विवेक म्हणजे वेगळे करून पाहणे. शासनव्यवहारात तयार झालेल्या पर्यायांची कथाही एकसारखी नाही. ‘दारिद्र्यरेषा’ हा इंग्रजीचा शब्दशः अवतार, तरी तो गावोगाव पोहोचला, कारण त्या रेषेच्या खाली की वर यावर रेशनचे धान्य अवलंबून होते. नदीकाठी घर बांधणाऱ्यांना ‘पूररेषा’ कळते. ‘वाहिनी’ हा शब्द सुंदर आहे, वीजवाहिनी, दूरचित्रवाहिनी, कृषिवाहिनी. पण अजून तो फलकावर आणि बातमीत राहतो, बांधावर येत नाही. महावितरणने लाइनमनला ‘जनमित्र’ असे नाव दिले. नाव प्रेमळ आहे. मात्र रात्री रोहित्र जळाले की लोक शोधतात तो लाइनमनच.

येथपर्यंत वाचून तुम्हांला वाटेल की मी ‘लाइन’चा वकील आहे. तसे नाही. याच शब्दाचे काही प्रयोग माझ्यापुढे आले तर मीही लाल शाई वापरतो. ‘या कवितेच्या पहिल्या दोन लाइनींत कवी म्हणतो’ असे कोणी लिहिले, तर ते मला मान्य नाही. ‘ओळ’ हा शब्द जिवंत आहे, नेमका आहे, ओवीपासून मुक्तछंदापर्यंत सगळ्यांना पुरलेला आहे; तेथे ‘लाइन’ नवे काही आणत नाही, फक्त जुन्याला उठवते. भूमितीत रेषा, पाटीवर रेघ, पुस्तकात ओळ, दुकानापुढे रांग हे भेद मराठीने बारकाईने केलेले आहेत, आणि एकट्या ‘लाइन’च्या पदराखाली ते सगळे झाकले गेले तर भाषा सोपी होत नाही, आंधळी होते. शेतातच पाहा. तिफणीच्या वा नांगराच्या एका ओळीला आपल्याकडे ‘तास’ म्हणतात. दोन तासांतले अंतर, तासातले तण, तास धरून चालणारे बैल. (घड्याळातला तास वेगळा; तो ठोके देण्याच्या धातूच्या पात्रावरून आला.) आता तरुण शेतकरी ‘पऱ्हाटीच्या दोन लाइनी’ म्हणू लागले आहेत. पंपाची ‘लाइन’ मला जितकी मोलाची वाटते, तितकीच ही ‘लाइन’ मला खुपते, कारण ‘तास’ गेला तर त्याच्याबरोबर पेरणीची एक अख्खी परिभाषा जाईल. एकच शब्द एका अर्थाने भाषेत भर घालतो आणि दुसऱ्या अर्थाने तिचे नुकसान करतो. म्हणूनच मी म्हणालो की निवाडा अर्थाचा करा.

‘ऑनलाइन’विषयी थोडक्यात लिहितो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इंग्रजीत ते विशेषण किंवा क्रियाविशेषण; आपल्याकडे ते नाम झाले आहे. ‘तुरीचं ऑनलाइन केलं काय?’ याचा अर्थ हमीभावाच्या खरेदीसाठी नोंदणी केली का. अर्ज, नोंदणी, पावती, केंद्रावरची गर्दी हे सगळे त्यात आले. हा शब्द टिकेल की जाईल हे आज सांगू नये. ‘नोंदणी’ त्याच्याशी झुंजते आहे.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरची भाषा कोलामी, गोंडी किंवा बंजारा आहे. कोलामीचे सविस्तर व्याकरण अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ मरी एमेनो यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या भाषेला शेजारच्या गावात कोणी भाषा म्हणायला तयार नव्हते, तिला त्यांनी काटेकोर अभ्यासाचा विषय मानले. तुम्ही घरात एक भाषा, बाजारात वऱ्हाडी, वर्गात प्रमाण मराठी आणि फॉर्मवर इंग्रजी अशा चार पायऱ्या रोज चढता-उतरता. त्या चढ-उतारात कोणता शब्द कोठे वापरायचा याची जाण तुम्हांला आहेच. वीज कार्यालयाला अर्ज करताना ‘वीजपुरवठा खंडित झाला आहे’ असे लिहावे, कारण त्या व्यवहाराची ती रीत आहे. गावाचे वर्णन करताना ‘लाइन रात्रीची’ लिहावे, कारण गावाचे सत्य त्या शब्दात आहे. पहिल्या ठिकाणी दुसरे वाक्य लिहिले तर औचित्य चुकते, मराठी चुकत नाही. परीक्षकांनीही शेरा द्यायचाच असेल तर तो औचित्याचा द्यावा, अशुद्धतेचा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळातला. खेडोपाडी वीज पोहोचली त्यानंतर, राज्याच्या वीज मंडळाच्या काळात. म्हणजे आपण ज्या अर्थाची चर्चा केली तो या थोर कोशांत असणे शक्यच नव्हते. नवा कोश होईल तेव्हा ‘लाइन’ची नोंद नागपूर-पुण्यात बसून पुरी होणार नाही. तिच्यासाठी बांधावरची वाक्ये लागतील, आणि ती तुमच्याजवळ आहेत. पुढच्या संपर्कसत्राला येताना प्रत्येकाने दहा वाक्ये लिहून आणावीत: वाक्य जसे ऐकले तसे, बोलणाऱ्याचे अंदाजे वय, गाव आणि प्रसंग. नावे लिहू नयेत. ‘लाइन’चा उच्चार ‘लैन’ असा झाला तर तसाच लिहावा. ‘तास’ आणि ‘लाइन’ यांपैकी कोणता शब्द कोणत्या वयाची माणसे वापरतात याची वेगळी नोंद ठेवावी.

आणखी एका गोष्टीकडे मुद्दाम कान द्या. आता काही वावरांत सौरपंप आले आहेत. तेथे खांब नाही, तार नाही, रात्रीची पाळी नाही. वर पत्रे आणि खाली मोटर. ढग आले, पंप थांबला, तर तो शेतकरी काय म्हणतो? ‘ऊन गेलं’ म्हणतो, की तार नसतानाही ‘लाइन गेली’ म्हणतो? ज्यांच्या शेजारी असा पंप असेल त्यांनी पावसाळ्यात ऐकून ठेवावे, आणि वाक्य जसेच्या तसे मला आणून द्यावे.